होर्मुझचा नाका : तेलवाहू जहाजांचा बदरका व निशाणाचें राजकारण

१. विषयप्रवेश

समुद्रावरील व्यापाराचें रक्षण करणें हें राजसत्तेचें कर्तव्य होय, हें तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु तें रक्षण कोणाचें, कोणापासून व कोणत्या मोबदल्यांत, हे प्रश्न निघाले म्हणजे तत्त्व बाजूस राहतें आणि व्यवहार पुढें येतो. हा व्यवहार जगांतील ज्या थोड्या अरुंद जलमार्गांवर उघड्या स्वरूपांत पाहावयास मिळतो त्यांत होर्मुझच्या सामुद्रधुनीची गणना प्रथम करावी लागेल. इराण-इराक युद्धाच्या उत्तरार्धांत, म्हणजे इ. स. १९८४ ते १९८८ ह्या कालांत, ह्या नाक्यावरून जाणाऱ्या तेलवाहू जहाजांस जो आरमारी बदरका देण्यांत आला, त्याची हकीकत संगतवार सांगून तिजवरून निघणारे निष्कर्ष मांडणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय अर्वाचीन आहे हें खरें. तथापि ज्या वाचकांस पोर्तुगीजांचे कार्ताज, आंग्र्यांचीं दस्तकें आणि मुंबईकर इंग्रजांचें आरमार हीं परिचयाचीं आहेत, त्यांस तो परका वाटण्याचें कारण नाहीं. समुद्रावर सुरक्षितपणें चालण्याचा हक्क हा कागदावर व निशाणावर अवलंबून ठेवण्याची जी रीत सोळाव्या शतकांत ह्या पाण्यांत रूढ झाली, तीच रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या पोषाखांत कशी अवतरली, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. नाका व त्याचा पूर्वेतिहास

इराणी आखाताचें तोंड जेथें ओमानच्या आखातास मिळतें तेथें दक्षिणेस ओमानचें मुसंदम द्वीपकल्प पुढें सरकलेलें आहे व उत्तरेस इराणचा किनारा आणि त्याच्या पुढ्यांत केश्म, लारक व होर्मुझ हीं बेटें आहेत. अत्यंत अरुंद ठिकाणीं हें पाणी सुमारें २१ सागरी मैल रुंद भरतें. पैकीं मोठ्या जहाजांनीं जाण्याकरितां एक व येण्याकरितां एक अशा प्रत्येकीं दोन मैल रुंदीच्या वाटा आंखून दिलेल्या असून त्या दोहोंमध्यें दोन मैलांची मोकळी पट्टी राखलेली आहे. सारांश, चार लक्ष टन भाराच्या जहाजासहि येथें ठरल्या वाटेनेंच चालावें लागतें. आणि ज्याची वाट ठरलेली त्याला गांठणें शत्रूस कठीण नसतें.

होर्मुझ बेटावर आल्फोन्सो द आल्बुकर्क ह्यानें १५०७ मध्यें प्रथम स्वारी केली व १५१५ मध्यें तें कायमचें हस्तगत केलें. गोवें, मलाक्का व होर्मुझ हीं तीन ठाणीं हातीं आल्यावर पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरांतील देशी व्यापाऱ्यांवर कार्ताज घेण्याची सक्ती केली. कार्ताज म्हणजे परवाना. तो जवळ असलेल्या गलबतानें नेमून दिलेल्या पोर्तुगीज बंदरांत जकात भरावी आणि निषिद्ध माल नेऊं नये. मग पोर्तुगीज त्यास त्रास देणार नाहींत. ज्याच्याजवळ कार्ताज नाहीं तें गलबत जप्तीस पात्र. येथें रक्षण करणारा व ज्याच्यापासून रक्षण करावयाचें तो, हे दोघे पुष्कळ अंशीं एकच होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें मलबारी चांच्यांचा उपद्रव वाढला तेव्हां गोवें व गुजराथ यांच्या दरम्यान व्यापारी होड्यांचे तांडे लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यांत नेण्याची पद्धति पोर्तुगीजांनीं पाडली. त्या तांड्यांस ते आपल्याच परिचयाच्या 'काफिला' ह्या शब्दानें संबोधीत.

१६२२ मध्यें शहा अब्बास ह्याच्या सैन्यानें इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या साह्यानें होर्मुझ जिंकलें. इराणजवळ फौज होती, परंतु आरमार नव्हतें. तें इंग्रजांनीं पुरविलें आणि मोबदल्यांत गोंब्रून, म्हणजे हल्लींचें बंदर अब्बास, येथील जकातींत हिस्सा मिळविला. पहाऱ्याची किंमत जकातीच्या रूपानें वसूल करण्याचा हा दुसरा प्रकार होय.

मराठ्यांचा ह्या पाण्याशीं संबंध व्यापाराचा होता. शिवाजीमहाराजांच्या ताब्यांतील बंदरांतून इराण, बसरा व मोखा इकडे दरसाल गलबतें जात, असा निर्देश इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत मिळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराच्या प्रकरणांत कौल घेतलेल्या व्यापाऱ्यांस उपसर्ग न देण्याविषयीं ताकीद आहे. कान्होजी आंग्रे ह्यांनीं कोंकण किनाऱ्यावर दस्तकें देण्याचा हक्क बजावला, तो मुंबईकर इंग्रजांनीं मान्य केला नाहीं. उलट आंग्र्यांस चांचे ठरविलें. पोर्तुगीजांचा कार्ताज हा अधिकार आणि आंग्र्यांचें दस्तक ही चांचेगिरी, हा भेद तत्त्वाचा नव्हता; कोणाचा कागद कोण मानतो एवढाच त्याचा अर्थ होता.

हाच शब्द पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आखाताच्या तोंडाशीं राहणाऱ्या कवासिम अरबांस लावण्यांत आला. १८०९ व १८१९ सालीं त्यांजवर ज्या मोहिमा झाल्या त्या मुंबईहून निघाल्या. दुसरीचा सेनापति सर विल्यम ग्रँट कीर ह्यानें १८१९ च्या डिसेंबरांत रास अल् खैमा घेतलें आणि १८२० च्या जानेवारींत किनाऱ्यावरील शेखांशीं तह केला. त्या तहांत स्नेही अरबांच्या जहाजांनीं तांबडें व पांढरें असें ठराविक निशाण लावावें आणि जहाजाचें नांव, मालक, लांबी-रुंदी वगैरे दाखविणारा दाखला जवळ बाळगावा, अशीं कलमें आहेत. कवासिमांवरील चांचेगिरीचा आरोप कंपनीनें व्यापारी स्पर्धेस्तव रचला, असें प्रतिपादन शारजाचे अधिपति सुलतान बिन मुहंमद अल् कासिमी ह्यांनीं १९८६ मध्यें मुंबईच्या दप्तरखान्यांतील कागदांच्या आधारें केलें. चार्ल्स डेव्हिस ह्यांनीं १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याच काळाचा फेरविचार करून अधिक मध्यम मत मांडलें. वाद कांहींहि असो. निशाण व दाखला ह्यांवर सुरक्षितता अवलंबून ठेवण्याची परंपरा मात्र निर्विवाद आहे.

३. तेलवाहू जहाजांवरील हल्ल्यांचें कारण

२२ सप्टेंबर १९८० रोजीं इराकनें इराणवर चढाई केली. युद्धाच्या आरंभींच इराकची आखातांतील निर्यात बंद पडली. १९८२ च्या एप्रिलांत सीरियानें आपल्या हद्दींतून जाणारी इराकी तेलाची नळवाट बंद केली, तेव्हां तुर्कस्तानांतून जाणारी वाट तेवढी इराकला उरली; १९८५ मध्यें सौदी अरबस्तानांतून जाणाऱ्या वाटेची तींत भर पडली. उलटपक्षीं इराणचें बहुतेक तेल खार्ग बेटावरून जहाजांनींच बाहेर जात असे. ह्या विषम स्थितींत सर्व पुढील प्रकरणाचें बीज आहे. इराकला समुद्रावर गमावण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, इराणचें सर्वस्व समुद्रावर होतें. म्हणून जमिनीवरील युद्ध कुंठित होतांच इराकनें खार्गकडे जाणाऱ्या जहाजांवर हल्ले वाढविले. १९८३ च्या अखेरीस फ्रान्सकडून मिळालेलीं सुपर एतांदार विमानें व एक्झोसे क्षेपणास्त्रें यांमुळें १९८४ पासून त्या हल्ल्यांस विशेष जोर चढला.

इराणनें उलट मारा कोणावर करावा? इराकी झेंड्याचें तेलवाहू जहाज आखातांत नव्हतेंच. परंतु कुवेत व सौदी अरबस्तान हीं राष्ट्रें इराकला कर्जें देत होतीं, त्याच्या वतीनें तेल विकीत होतीं, व कुवेतच्या बंदरांतून इराककडे जाणारा माल उतरत होता. म्हणून १९८४ च्या मे महिन्यापासून इराणनें ह्या दोन राष्ट्रांशीं व्यापार करणाऱ्या जहाजांवर शस्त्र धरलें. १ जून १९८४ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें ५५२ क्रमांकाचा ठराव करून कुवेत व सौदी बंदरांकडे ये-जा करणाऱ्या जहाजांवरील हल्ल्यांचा निषेध केला. इराकच्या हल्ल्यांविषयीं त्या ठरावांत शब्द नव्हता, ही गोष्ट इराणच्या मनांत सलत राहिली.

प्रसिद्ध झालेल्या गणनेवरून १९८१ ते १९८७ ह्या सात वर्षांत इराकनें २८३ व इराणनें १६८ हल्ले केले, एकूण ४५१. इराकनें १९८४ मध्यें ५३, १९८५ मध्यें ३३, १९८६ मध्यें ६६ व १९८७ मध्यें ८८. इराणनें त्याच वर्षीं अनुक्रमें १८, १४, ४५ व ९१. म्हणजे १९८६ पर्यंत दरसाल इराकचे हल्ले अधिक होते. इराणची संख्या इराकच्या पुढें गेली ती १९८७ सालीं प्रथम. लॉइड्सच्या अंदाजाप्रमाणें संपूर्ण युद्धांत ५४६ व्यापारी जहाजांस इजा पोंचली आणि सुमारें ४३० खलाशी प्राणांस मुकले.

एवढें होऊनहि सामुद्रधुनी ह्या युद्धांत बंद पडली नाहीं. ती बंद करण्याची धमकी इराणनें वेळोवेळीं दिली. परंतु त्याच वाटेनें त्याचें स्वतःचें तेल जात होतें. इराकी विमानांच्या टप्प्याबाहेर माल न्यावा म्हणून त्यानें खार्गवरून दक्षिणेस सिरी व नंतर लारक बेटापर्यंत आपल्या जहाजांच्या खेपा सुरू केल्या आणि परदेशी गिऱ्हाइकांस तेथें तेल भरून दिलें. मोठीं तेलवाहू जहाजें अनेक कप्प्यांचीं असल्यामुळें एका क्षेपणास्त्रानें सहसा बुडत नसत. शिवाय १९८६ मध्यें जगांतील तेलाचा भाव कोसळला. जहाजें जळत असतां तेल स्वस्त होत होतें. बाजारास ह्या युद्धाची झळ फारशी लागली नाहीं, ती खलाशांस लागली.

४. निशाणाची अदलाबदल

१९८६ च्या अखेरीस कुवेतनें आपल्या जहाजांच्या रक्षणार्थ मोठ्या सत्तांकडे बोलणें लावलें. तें एकाच वेळीं अमेरिकेकडे व सोव्हिएट रशियाकडे लावण्यांत त्याचें चातुर्य दिसून येतें. रशियानें तीन तेलवाहू जहाजें भाड्यानें देण्याचें कबूल करतांच अमेरिकेचा विलंब संपला. आखातांत रशियन आरमाराचा पाय रोंवला जाऊं नये ही इच्छा, तसेंच इराणला गुप्तपणें शस्त्रें विकल्याचें प्रकरण नुकतेंच उघडकीस आल्यामुळें अरब राष्ट्रांचा ढळलेला विश्वास परत मिळविण्याची निकड, हीं दोन कारणें तीमागें होतीं. मार्च १९८७ मध्यें अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सरकारनें कुवेतच्या अकरा जहाजांच्या रक्षणाची तयारी दाखविली.

अडचण कायद्याची होती. अमेरिकन आरमार अमेरिकन निशाणाखालील जहाजांस बदरका देऊं शके. कुवेतच्या जहाजांस कोणत्या आधारावर द्यावा? तेव्हां डेलावेअर संस्थानांत चेसापीक शिपिंग नांवाची एक मंडळी नोंदविण्यांत आली व तिच्या नांवें हीं अकरा जहाजें करण्यांत आलीं. डोलकाठीवर अमेरिकन झेंडा चढला, जहाजांचीं नांवें बदललीं, कप्तान अमेरिकन आले. तेल कुवेतचेंच होतें, नफाहि कुवेतचाच होता. 'अल् रक्का' नांवाचें सुमारें चार लक्ष टन भाराचें जहाज अशा रीतीनें 'ब्रिजटन' झालें. कार्ताज बाहेरच्या सत्तेकडून विकत घ्यावा लागे. येथें निशाणच उसनें घेतलें गेलें. १८२० च्या तहांतील ठराविक निशाणाचें तत्त्व व हें तत्त्व यांत जातीचा फरक नाहीं.

ही व्यवस्था चालू असतांनाच १७ मे १९८७ रोजीं 'स्टार्क' ह्या अमेरिकन युद्धनौकेवर दोन एक्झोसे क्षेपणास्त्रें आदळून ३७ खलाशी ठार झाले. तीं सोडणारें विमान इराकचें होतें. इराकनें चूक झाल्याचें सांगून क्षमा मागितली व ती स्वीकारण्यांत आली. पहाऱ्याची योजना मात्र इराणविरुद्धच राहिली, किंबहुना तिला वेग आला. ज्याच्या हातून माणसें मेलीं तो मित्र आणि ज्याच्या भीतीनें पहारा बसविला तो शत्रु, असा विलक्षण प्रकार येथें घडला.

५. ब्रिजटनचा प्रसंग

अमेरिकनांनीं ह्या मोहिमेस 'अर्नेस्ट विल' असें नांव दिलें. पहिला तांडा २२ जुलै १९८७ रोजीं निघाला. त्यांत ब्रिजटन व 'गॅस प्रिन्स' हीं दोन जहाजें असून 'किड', 'फॉक्स' व 'क्रॉमेलिन' ह्या तीन युद्धनौका सोबत होत्या. सर्वांचें लक्ष होर्मुझच्या अरुंद वाटेकडे व तेथील किनाऱ्यावरील क्षेपणास्त्रांकडे लागलें होतें. ती वाट निर्विघ्न पार पडली. २४ जुलै रोजीं आखाताच्या वरच्या भागांत फारसी बेटाजवळ ब्रिजटन एका पाणसुरुंगावर आदळलें. तो सुरुंग १९०८ सालच्या रशियन नमुन्यावर बनविलेला, नुसत्या धक्क्यानें फुटणारा असा साधा होता.

जहाजास मोठें भगदाड पडलें, परंतु तें आपल्या यंत्रांच्या बळावर पुढें चालत राहिलें. पुढील वाटेंत आणखी सुरुंग असण्याचा संभव होता. युद्धनौकांचें कवच पातळ. एकच सुरुंग त्यांस पुरे पडता. म्हणून तिन्ही युद्धनौका ब्रिजटनच्या मागें ओळीनें लागल्या आणि ज्याचें रक्षण करावयाचें त्याच जहाजास पुढें घालून कुवेतच्या दिशेनें चालल्या. ह्या देखाव्याची पुष्कळ थट्टा झाली. ती थट्टा बाजूस ठेवून पाहिल्यास त्यांतील बोध सरळ आहे. पहारा शत्रूच्या ज्या शस्त्राची कल्पना करून सजविलेला असतो, शत्रु तें शस्त्र वापरतोच असें नाहीं. क्षेपणास्त्रें व विमानें यांस तोंड देण्याची सिद्धता होती. सुरुंग वेंचण्याचें साधन जवळ नव्हतें.

ही उणीव भरून काढण्याकरितां अमेरिकेनें सुरुंग काढणारीं हेलिकॉप्टरें आणविलीं, आणि ब्रिटन, फ्रान्स, इटली, हॉलंड व बेल्जम यांनीं आपलीं सुरुंगकाढीं जहाजें पाठविलीं. आखाताच्या वरच्या भागांत 'हर्क्युलिस' व 'विंब्राउन सात' हे दोन मोठे तराफे उभे करून त्यांवरून हेलिकॉप्टरें व छोट्या नौका यांचा रात्रीचा पहारा सुरू झाला. ह्या कल्पनेचे जनक रिअर अ‍ॅडमिरल हॅरल्ड बर्नसन हे होत. खाड्याबंदरांतून निघणाऱ्या चपळ होड्यांस अडविण्याकरितां मोठ्या जहाजांपेक्षां अशीं ठाणींच अधिक उपयोगी, हें जंजिरे व तराफे यांच्या कोंकणी इतिहासाशीं परिचित असलेल्यास निराळें सांगावयास नको.

६. पुराव्याचा प्रश्न

२१ सप्टेंबर १९८७ च्या रात्रीं 'इराण अज्र' नांवाचें जहाज सुरुंग पेरीत असतां हेलिकॉप्टरांनीं त्यावर मारा केला व दुसऱ्या दिवशीं तें पकडलें गेलें. त्यावर सुरुंग सांपडले, खलाशी कैद झाले. हा प्रत्यक्ष पुरावा होता. ह्यानंतरचे प्रसंग मात्र त्या मानानें इतके स्वच्छ नाहींत.

१६ ऑक्टोबर रोजीं 'सी आइल सिटी' हें निशाण बदललेलें जहाज कुवेतच्या पाण्यांत, म्हणजे अमेरिकन पहारा जेथें संपतो तेथें, क्षेपणास्त्रानें विद्ध झालें. १८ जण जखमी झाले व कप्तानाची दृष्टि गेली. तें क्षेपणास्त्र इराणनें जिंकलेल्या फाव द्वीपकल्पावरून आलें असें अमेरिकेनें ठरविलें आणि १९ ऑक्टोबर रोजीं इराणचे रशादत येथील समुद्रांतील तेलमंच उद्ध्वस्त केले. १४ एप्रिल १९८८ रोजीं 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही युद्धनौका सुरुंगावर आदळली. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. चार दिवसांनीं, १८ एप्रिल रोजीं, 'प्रेइंग मँटिस' नांवाच्या मोहिमेंत अमेरिकन आरमारानें सासान व सिरी येथील तेलमंचांवर मारा केला आणि इराणच्या 'जोशन' व 'सहंद' ह्या नौका बुडविल्या. इराणच्या आरमारास हा तडाखा फार जबर बसला.

ह्या दोन कृत्यांचा न्यायनिवाडा पुढें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें आला. इराणनें १९९२ मध्यें फिर्याद दाखल केली व ६ नोव्हेंबर २००३ रोजीं निकाल लागला. सी आइल सिटीवरील क्षेपणास्त्र इराणनेंच सोडलें हें सिद्ध करण्यास पुरावा अपुरा आहे, असें न्यायालयानें ठरविलें. रॉबर्ट्सच्या बाबतींत त्याच पाण्यांत सांपडलेल्या इतर सुरुंगांवरील क्रमांक इराण अज्रवरील सुरुंगांच्या मालिकेशीं जुळत होते. हा पुरावा बराच सूचक असला तरी निर्णायक नाहीं, असें मत पडलें. तेलमंचांवरील हल्ले १९५५ च्या उभय राष्ट्रांतील तहान्वयें आवश्यक रक्षणोपाय म्हणून समर्थनीय ठरत नाहींत, असा निष्कर्ष निघाला. तथापि हल्ल्याच्या वेळीं त्या मंचांवरून उभय देशांत तेलाचा व्यापार चालू नव्हता, सबब व्यापारस्वातंत्र्याचा भंग झाला नाहीं, म्हणून इराणची नुकसानभरपाईची मागणीहि फेटाळण्यांत आली.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीनें ह्या निकालाचें महत्त्व विशेष आहे. समुद्रावर अपराध्याची खूण राहत नाहीं. जमिनीवर कोण आला व कोठून आला ह्याचा माग लागतो. सुरुंग पेरणारा केव्हांच निघून गेलेला असतो. दर्यावर्दी सेनापतीस चार दिवसांत निर्णय करावा लागतो, आणि न्यायाधीशास पंधरा वर्षांनंतर कागद चाळूनहि तोच निर्णय करतां येत नाहीं. दोघांचाहि दोष न काढतां एवढें म्हणतां येईल कीं, अशा नाक्यावर प्रतिकार करणाऱ्याचा निश्चय हा पुराव्यापेक्षां पूर्वग्रहावर अधिक उभा असतो. १९८७ सालीं इराण दोषी असण्याचा संभव मोठा होता, ह्यांत संशय नाहीं. पण संभव आणि सिद्धि यांतील अंतर आपण आपल्या चर्चांत जितक्या कसोशीनें राखतों तितक्याच कसोशीनें येथेंहि राखलें पाहिजे.

७. पहाऱ्याची व्याप्ति व तिचें फल

२९ एप्रिल १९८८ रोजीं अमेरिकेनें जाहीर केलें कीं, संकटांत सांपडलेल्या स्नेही तटस्थ जहाजांस, तीं कोणत्याहि निशाणाचीं असलीं तरी, मदत दिली जाईल. पहाऱ्याचें क्षेत्र रुंदावलें, तसा चकमकींचा संभवहि वाढला. ३ जुलै १९८८ रोजीं 'विन्सेन्स' ही युद्धनौका इराणी होड्यांशीं झुंजत असतां बंदर अब्बासहून दुबईस जाणारें इराण एअरचें ६५५ क्रमांकाचें प्रवासी विमान वर चढत होतें. तें लढाऊ विमान समजून तिनें क्षेपणास्त्रें सोडलीं. विमानांतील २९० माणसें ठार झालीं. त्यांत ६६ मुलें होतीं व कांहीं भारतीय प्रवासीहि होते. त्या वेळीं ती युद्धनौका इराणच्या प्रादेशिक पाण्यांत शिरलेली होती, ही गोष्ट पुढें कबूल करण्यांत आली. १९९६ मध्यें झालेल्या तडजोडींत अमेरिकेनें मृत इराण्यांच्या वारसांकरितां ६ कोटि १८ लक्ष डॉलर देण्याचें मान्य केलें.

१८ जुलै रोजीं इराणनें सुरक्षा समितीचा ५९८ क्रमांकाचा ठराव स्वीकारला आणि २० ऑगस्ट १९८८ पासून लढाई थांबली. सप्टेंबरांत बदरक्याची नियमित व्यवस्थाहि संपली.

आतां ह्या मोहिमेस यश आलें काय, ह्याचा विचार करूं. ब्रिजटनच्या प्रसंगानंतर तांड्यांत चालणाऱ्या निशाण बदललेल्या जहाजांस मोठी इजा झाली नाहीं, कुवेतचें तेल वाहत राहिलें आणि रशियाचा शिरकाव मर्यादित राहिला. अमेरिकेनें ठरविलेले हेतु ह्या अर्थानें पार पडले. परंतु 'व्यापाराचें रक्षण' ह्या व्यापक शब्दानें मोजूं गेल्यास चित्र पालटतें. १९८६ मध्यें दोन्ही पक्षांचे मिळून १११ हल्ले झाले होते. ज्या १९८७ च्या मध्यास बदरका सुरू झाला त्या वर्षीं ते १७९ झाले. बदरक्यामुळेंच ते वाढले असें म्हणणें घाईचें होईल, कारण वर्षाचा पूर्वार्धहि शांत नव्हता. मात्र ज्यांस पहारा नव्हता त्यांजकडे शस्त्रें वळलीं, आणि इराकनें पहाऱ्याच्या छायेंत आपले हल्ले निर्धास्तपणें चालू ठेवले, एवढें निश्चित म्हणतां येतें. १४ मे १९८८ रोजीं लारक येथें इराकी विमानांनीं 'सीवाइज जायंट' ह्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजास आग लावली. तें कोणाच्याहि तांड्यांत नव्हतें. इराणी तेल भरणाऱ्या जहाजास बदरका देणारा कोणी नव्हता.

आणखी एक गोष्ट. ज्या कुवेतचें रक्षण इराणपासून करण्यांत आलें, त्याच्यावर २ ऑगस्ट १९९० रोजीं चढाई केली ती इराकनें. पहारेकऱ्यानें शत्रु ओळखण्यांत चूक केली कीं त्या वेळचा शत्रु त्या वेळेपुरता खराच होता, ह्याबद्दल मतभेद संभवतो. पण युद्धांत एका पक्षाच्या पुरवठ्याचा मार्ग राखणारा तटस्थ राहूं शकत नाहीं, ही गोष्ट उघड आहे.

८. निशाण आणि खलाशी

कार्ताज, दस्तक, १८२० चें तांबडें-पांढरें निशाण आणि १९८७ चा उसना झेंडा ह्या चारींत काळाचें व शस्त्रांचें अंतर मोठें आहे. साम्य एवढेंच कीं, रक्षण निशाणास मिळतें आणि मरण माणसास येतें. चारशेंवर जे खलाशी ह्या युद्धांत गेले त्यांच्यापैकीं पुष्कळांचा देश युद्धांत नव्हता, ज्या निशाणाखालीं ते मेले तें त्यांचें नव्हतें, आणि जें तेल ते नेत होते त्याचा नफाहि त्यांचा नव्हता.

हिंदुस्थानास ह्या गोष्टीचा विचार परक्या कुतूहलानें करतां येण्यासारखा नाहीं. १९ जुलै २०१९ रोजीं इराणनें होर्मुझच्या नाक्यावर 'स्टेना इम्पेरो' हें जहाज पकडलें. निशाण ब्रिटिश, मालक स्वीडिश, आणि २३ खलाशांपैकीं १८ भारतीय. ब्रिटिश युद्धनौका मदतीस निघाली, पण वेळेवर पोंचली नाहीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत ओमानच्या आखातांतील तेलवाहू जहाजांवर हल्ले झाल्यानंतर भारतीय आरमारानें 'संकल्प' नांवाची मोहीम सुरू करून 'चेन्नई' व 'सुनयना' ह्या नौका तिकडे पाठविल्या आणि भारतीय निशाणाच्या जहाजांस धीर दिला. ही व्यवस्था योग्यच होती. परंतु तिचाहि आधार निशाण हाच आहे. परक्या निशाणाखालीं चाकरी करणारा कोंकणांतील किंवा केरळांतील खलाशी तिच्या बाहेर पडतो. १३ एप्रिल २०२४ रोजीं 'एम. एस. सी. एरीज' हें जहाज पकडलें गेलें तेव्हां त्यावरील २५ जणांत १७ भारतीय होते; त्यांच्या सुटकेकरितां वाटाघाटी कराव्या लागल्या, बदरका उपयोगी पडला नाहीं.

ह्यावरून तीन सिद्धांत काढतां येतात. पहिला, अरुंद नाक्यावरील आरमारी पहारा हा व्यापाराचा रक्षक असण्यापूर्वीं एका राजकीय निवडीचा वाहक असतो. दुसरा, असा पहारा साधनांच्या पूर्ण सिद्धतेवांचून व शत्रूच्या स्वस्तांतील स्वस्त शस्त्राचा विचार केल्यावांचून सुरू केल्यास ज्याचें रक्षण करावयाचें त्यासच ढाल व्हावें लागतें. तिसरा, अपराध्याची सिद्धि समुद्रावर अत्यंत कठीण असल्यामुळें प्रतिकारास निघणाऱ्यानें पुराव्याचा कागद आधीं तयार ठेवावा. नाहींतर विजय मिळूनहि न्याय पदरीं पडत नाहीं. मुंबईच्या दप्तरांत आखातासंबंधीं जे कागद आहेत त्यांचा आंग्रेकालीन कागदांशीं ताडा घेऊन अभ्यास होईल, तर दस्तक व निशाण यांचा हा इतिहास आपल्याच बाजूनें लिहितां येईल. तें काम मराठी अभ्यासकांनीं हातीं घेण्याजोगें आहे.